भिंतीला हात लागत नाही तोवर

आदरणीय दादा,

अर्ध्या पडलेल्या घरातून, अजून शाबूत असलेल्या तुमच्या मेहुण्याचा नमस्कार. खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिले होते, "खोकला आहे." माणसाने किती आटोपशीर लिहावे याचा तो नमुना मी जपून ठेवला आहे, पण त्यातून खोकला वाढला की उतरला हे काही कळत नाही. डोळ्यांचे काय? दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून घड्याळांच्या पोटात डोकावत बसता, त्या डोळ्याला विश्रांती देत जा. दुसरा रिकामाच असतो, त्याची काळजी नाही. आणि तुमच्या बहिणीचा गुडघा? हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी टाकला आहे. आधी विचारला असता तर बाकीचे विचारायचे राहूनच गेले असते.

फोन सोडून पत्र का, असे तुम्ही विचाराल (म्हणजे विचारणार नाही, पण भुवई उचलाल). फोन ती उचलते, दादा. आणि उचलल्यावर "हॅलो" म्हणायच्या ऐवजी "दार झालं का?" म्हणते. त्यावर मी सविस्तर उत्तर द्यायला लागलो की पलीकडे भांड्यांचा आवाज येऊ लागतो. तेव्हा पत्रच बरे. मात्र आलेले पत्र जेवणानंतर सर्वांसमोर मोठ्याने वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे, म्हणून जे वाचायचे नाही तिथे मी कंसात तशी सूचना देत जाईन. ती सूचनाही मोठ्याने वाचू नये.

थोडक्यात सांगतो. (ती हसली ना? हसू दे.) डॉक्टरांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बजावले होते, "बाई, आता जिना विसरा." विसरायला ती तयार होती, पण आमच्या घरात न्हाणीघर आणि संडास दोन्ही वरच्या मजल्यावर. ज्या कुणी हे घर बांधले त्याला पाणी वर चढवायची आणि माणसांना त्यामागे पळवायची हौस असावी. खाली फक्त स्वयंपाकघर आणि माझी पुस्तकांची खोली. तेव्हा मी निर्णय घेतला की पुस्तकांच्या खोलीत तिची खाट येईल, कोपऱ्यात न्हाणीघर होईल, आणि मधल्या भिंतीला दार पाडले की ती स्वयंपाकघरातून सरळ आपल्या खोलीत जाईल. हा त्याग लहान नाही, दादा. ज्या खोलीत बसून मी आयुष्यभर राज्ये उलथवली (वाचता वाचता), ती मी मोरीसाठी रिकामी केली. पुस्तके आता जिन्यावर आहेत. प्रत्येक पायरीवर एक गठ्ठा, वर जायला कडेने एका पावलापुरती वाट. खालच्या पायऱ्यांवर इतिहास, वळणावर अर्थशास्त्र. तत्त्वज्ञान पार वर, त्यामुळे तिथवर सहसा कुणी पोचत नाही.

घराचे काम होईपर्यंत तुमच्याकडे राहायला निघताना ती काय म्हणाली ते तुम्ही रिक्षात बसून ऐकलेच होते. "दार झालं की निरोप धाडा. तोवर तिकडे फिरकू नका. तुम्ही तिथे येऊन बसलात तर इथलं काम कोण करून घेणार?" मी मानले. मी शब्दाचा माणूस आहे. (तुमच्या बहिणीच्या मते फक्त शब्दांचा. हे मोठ्याने वाचायला हरकत नाही, हा तिचाच विनोद आहे.) तेव्हापासून या घरात मी येरझाऱ्या घालतो आहे. बसायला जागा नाही. खुर्चीवर खिडकीची चौकट आहे, खाटेवर नळ आहेत. हे पत्रही स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहितो आहे. जरा थांबा, टेकू जागेवर आहेत का पाहून येतो.

आहेत.

टेकू का, ते सांगतो. आमच्या गवंड्याचे नाव गल्लीने 'बघू' ठेवले आहे, कारण काहीही विचारले तरी तो तेच म्हणतो. दार कधी होईल? बघू. भिंत भार घेणारी आहे का? बघू. आणि त्या दिवशी मी वाचनालयात बोलायला गेलो असताना त्याने खरेच बघितले. पहारीने भिंतीला असे भोक पाडले की त्यातून मांजर आरामात जावे. परतलो तर भोकातून स्वयंपाकघर दिसते आहे आणि दारावर पालिकेची नोटीस डकवलेली आहे: काम थांबवा, जुन्या घरातली भिंत तपासणीशिवाय फोडल्याबद्दल खुलासा करा. 'बघू' भोकाखाली निवांत बसून विडी ओढत होता. मी म्हणालो, "अरे, हे काय केलंस?" तो म्हणाला, "बघितलं." वरचा मजला खाली येऊ नये म्हणून मग टेकू लावले.

दुसऱ्या दिवशी मी पालिकेत गेलो. रांग जिन्यापर्यंत आलेली, पंखा फिरतोय तो फक्त कारकुनाच्या कागदांवर. मला राहवेना. रांगेतल्या माणसांकडे तोंड करून मी बोलायला लागलो. म्हणालो, नागरिकाने स्वतःच्या घरात स्वतःच्या आजारी बायकोसाठी दार पाडायचे तर सरकारला विचारायचे? कोणत्या दिवट्याने हा नियम काढला? त्याच्या घरी भिंती नाहीत? त्याच्या घरी बायको नाही? दादा, टाळ्या पडल्या. खऱ्या, मोकळ्या टाळ्या. त्या गडबडीत खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली आणि ती उघडेपर्यंत रांगेतला एकही माणूस माझ्याशी बोलला नाही. मागून एक बाई एवढेच म्हणाल्या, "काका, झालं असेल तर पुढे सरका." मग खिडकी उघडली. कारकुनाने माझा अर्ज पाहिला, मला पाहिले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, नियम तुमचाच आहे. त्या सभेला मीही होतो. तेव्हाही टाळ्या वाजवल्या होत्या."

तुम्हाला ती हकिगत आठवत असेल. आमच्या मागच्या गल्लीत एका दुकानदाराने दुकान ऐसपैस व्हावे म्हणून मधली भिंत काढली, आणि वरचा मजला खाली येऊन बसला. वर शिवणकाम करणारी बाई मशीनसकट खाली आली. तिचे दोन्ही पाय गेले. तिला भेटून आल्यावर मी सभा घेतली. त्या सभेत जे बोललो त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. जुन्या घराची भिंत फोडायची तर पालिकेच्या माणसाने स्वतः घरी आले पाहिजे, भिंतीला हात लावून, ठोकून, वर काय आहे ते पाहूनच सही केली पाहिजे. कचेरीत बसून केलेली सही म्हणजे आंधळ्याने दिलेली साक्ष. असे मी बोललो आणि तसा नियम झाला. आता सांगा, भांडू कुणाशी? आपलेच दात आपलेच ओठ. तलवार उपसली आणि समोर आरसा.

तरी मी हिंमत सोडली नाही. तपासनीस येणार असा निरोप आला. तपासनीस म्हणजे काय चीज असते हे मी पुष्कळ वाचले आहे. तो भिंत बघत नाही, खिसा बघतो. तेव्हा मी सज्ज राहिलो. आदल्या दिवशी आरशासमोर सराव केला. तो आला: सडपातळ, पायपुसण्यावर दोनदा पाय पुसणारा, हातात टेप आणि एक लहानशी हातोडी. त्याने उंबरठा ओलांडायच्या आत मी दारात उभा राहून म्हणालो की या घरात त्याला एक छदामही मिळणार नाही, मी त्या जातीचा माणूस नव्हे, ज्यांनी देशोदेशी लाच खाल्ली त्यांची काय गत झाली ते ऐकायचे असेल तर बसावे. त्याने शांतपणे विचारले, "मी मागितला?" या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती, दादा. मी म्हणालो, "मागण्यापूर्वीच सांगतो आहे." त्याने टेप खिशात घातला, हातोडी पिशवीत ठेवली आणि निघून गेला. नंतर कळले, शेऱ्यात त्याने लिहिले होते: मालकाने आत येऊ दिले नाही.

चौकशी करता समजले की हा माणूस कचेरीत कुणाच्या चहाचासुद्धा मिंधा नाही. स्वतःची बाटली आणतो, घरचेच पाणी पितो. अख्ख्या पालिकेत एक सचोटीचा माणूस, आणि नेमका त्याच्यावर मी तोफ डागली. (हा परिच्छेद मोठ्याने वाचू नये. पुढचा वाचावा, त्यात मी बरा दिसतो.)

त्या सुमारास वॉर्डाचे मेंबर घरी आले. पुस्तकांमधून वाट काढत जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले आणि युरोपाच्या इतिहासावर बसले. म्हणाले, "सर, कशाला एवढा उपद्व्याप? माझा एक फोन. तपासणी नको, बिपासणी नको. उद्या सही." दादा, खरे सांगतो, मला मोह झाला. उद्या सही म्हणजे परवा दार. दार म्हणजे... असो. भोकातून पलीकडचा रिकामा ओटा दिसत होता. मग मला ती शिवणकाम करणारी बाई आठवली. मी मेंबरांना उठवले, युरोप झटकला आणि त्यांना दारापर्यंत पोचवले. ते म्हणाले, "वहिनी काय म्हणतील?" मी म्हणालो, ती माझ्या पुढे दोन पावले आहे, ती तुम्हाला जिन्यावर बसूच देणार नाही. (ती खरेच काय म्हणाली असती ते तिला विचारून कळवा. मी दोन्ही उत्तरांना तयार आहे.)

तपासनीस पुन्हा आला. या खेपेला मी ठरवले होते की माफी मागायची. माफी मनापासून मागायची तर पार्श्वभूमी सांगावी लागते. पार्श्वभूमी सांगायची तर त्याला घर दाखवावे लागते. मी प्रत्येक भिंतीपाशी नेऊन ती कधी बांधली, कुणी रंगवली, तिच्यावर कुणाच्या तसबिरीचा खिळा होता ते सांगत गेलो. तो दर थोड्या वेळाने विचारायचा, "सर, ती मधली भिंत?" मी म्हणायचो, येणारच आहे. शेवटी भिंतीपाशी आलो तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "हिच्या बरोबर वर काय आहे?" मी म्हणालो, "वर? वर तीन पिढ्यांच्या आठवणी आहेत." त्याने लिहून घेतले: वर काय आहे ते मालकाला माहीत नाही. मग वेळ संपली म्हणून निघाला. जाताना जिन्याकडे पाहून म्हणाला, "आणि सर, एवढं वजन पायऱ्यांवर ठेवू नका." ज्ञानाला वजन असते हे पहिल्यांदाच एका सरकारी माणसाने मान्य केले, पण मला आनंद झाला नाही.

मधल्या काळात ना-हरकतीचे प्रकरण झाले. सांडपाण्याचा पाइप पलीकडच्या काकूंच्या बोळातून जाणार, त्यामुळे त्यांची सही हवी. मी त्यांच्याकडे गेलो. अजून "नमस्कार" म्हणतो आहे तोवर त्या म्हणाल्या, "सही देते. पण माझी एक अट आहे." मी म्हणालो, बोला. "तुम्ही बोलू नका ही अट आहे." दादा, त्या गेली कित्येक वर्षे भिंतीपलीकडून माझ्या भाषणांचा सराव ऐकत आल्या आहेत. मला वाटायचे मला एक मूक श्रोता लाभला आहे. त्या म्हणाल्या, "तुमची बायको असायची तेव्हा मधून मधून 'पुरे' असं ऐकू यायचं. आता तेही नाही. तुम्ही तिला लवकर आणा बाई, म्हणजे मलाही जरा झोप लागेल." आणि सही केली. मी तिथे एक अक्षर बोललो नाही.

तिसऱ्या खेपेची गोष्ट सांगतो आणि आवरते घेतो. तपासनीस आला तो सरळ मधल्या भिंतीकडे गेला. मी पटकन पुढे होऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. अडवायला नव्हे हो! ही भिंत काय, तिच्यापायी माझ्या घरात काय ओस पडले आहे, नियम माझाच असला तरी त्यातून माझी सुटका का व्हायला हवी आणि का होता कामा नये, या दोन्ही बाजू मला मांडायच्या होत्या. दोन्ही बाजू मी सारख्याच जोराने मांडल्या. 'बघू'सुद्धा विडी विझवून ऐकत होता. माझे संपल्यावर तपासनिसाने हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "सर, त्या सभेत मी मागे उभा होतो. तुम्ही म्हणालात, भिंतीला हात लावून बघितल्याशिवाय सही करू नका. ते मला इतकं पटलं की मी आजवर एकही सही तशी केलेली नाही. पण सर, तुमच्या घरी मी तीन वेळा आलो. मला अजून भिंतीला हात लावायला मिळालेला नाही."

मी बाजूला झालो. पण तेवढ्यात त्याला पुढच्या घरी जायची वेळ झाली होती.

एवढे झाले. पत्र लांबले. तब्येतीला जपा, खोकल्याला गरम पाणी घेत जा, आणि तुमच्या बहिणीला सांगा की काम व्यवस्थित चालू आहे. (हे मोठ्याने वाचा. बाकी तुमच्या मर्जीवर.)

तुमचा मेहुणा,
जिन्यावरचा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. (येथून पुढे मनातल्या मनात वाचावे.) तपासनिसाने येत्या गुरुवारची वेळ दिली आहे, पण एका अटीवर: मालकाने त्या वेळी घरात असू नये. घरी कुणी तरी हवे, दार उघडायला आणि वर काय आहे ते दाखवायला. मी खूप विचार केला. माझ्या ओळखीत भिंतीजवळ उभा राहून भिंतीसारखाच गप्प राहील असा एकच माणूस आहे. दादा, गुरुवारी तुम्ही आमच्या घरी याल का? एका दिवसाने घड्याळे बंद पडणार नाहीत, जी पडली आहेत ती तर पडलेलीच आहेत. भिंग आणा, भिंतीला कामी येईल. पुस्तके मी पायऱ्यांवरून हलवून ठेवीन. आणि घरात असायचे नाही म्हटल्यावर मला त्या दिवशी कुठे तरी जायला हवेच, म्हणून मी तुमच्याकडे येऊन बसेन. फिरकू नका असे तिने सांगितले आहे हे मला आठवते. पण हा सरकारी हुकूम आहे, मी काय करणार? तुम्ही तिला आधी सांगू नका. सांगितलेत तर ती म्हणेल, "एवढ्या मोठ्या जगात बसायला दुसरी जागाच मिळाली नाही का?"

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच तपासनीस दारावर येऊन गेला, गुरुवारची वेळ पक्की करायला. मी न राहवून विचारले की ही अट त्याने स्वतः घातली की वरिष्ठांनी. तो कानकोंडा झाला. खोटे बोलता येत नाही बिचाऱ्याला. म्हणाला, "कचेरीत एका बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, पलीकडच्या काकूंनी मला सगळं कळवलंय; त्या मधल्या भिंतीच्या बरोबर वर, वरच्या मजल्यावर माझं लोखंडी कपाट आहे, ते आधी सरकवून घ्या. आणि तुम्ही जाल तेव्हा ह्यांना माझ्याकडे पाठवा, ते घरात असले तर तुम्हाला भिंत दिसायची नाही." मी विचारले, "माझ्याकडे, असं म्हणाली?" तो म्हणाला, "दोनदा म्हणाल्या."

ता. क. ३. तेव्हा आधीच्या ताज्या कलमातली गुप्तता रद्द समजावी. तुम्ही गुरुवारी या. मी न बोलण्याचा सराव सुरू केला आहे, 'बघू'ने मघाशी कपाळाला हात लावून विचारले, "सर, ताप आहे का?" आणि पलीकडच्या काकू दार उघडून डोकावून गेल्या. गुरुवारी मी तिच्यासमोर बसेन. काय बोलायचे ते अजून सुचलेले नाही, आणि आरशापुढे उभे राहून पाहण्याचेही धाडस होत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुठे तरी तयारीशिवाय जातो आहे. लांबले तर तिने नेहमीसारखे "पुरे" म्हणावे. ते ऐकायला मी येतो आहे.

(एवढे मात्र मोठ्याने वाचा.)